गाडी भट्टीवर जाण्याआधी: लोखंडी भंगारातून काय बाहेर काढायचे आणि का

प्रश्न थोडक्यात असा आहे: तालुक्याच्या गावी भंगाराचे दुकान. माल फेरीवाल्यांकडून, गॅरेजवाल्यांकडून आणि अधूनमधून बंद पडलेल्या कारखान्यांतून येतो. लोखंड जालन्याच्या इंडक्शन भट्ट्यांना आणि बीड (ओतीव लोखंड) कोल्हापूरच्या फाउंड्रीला, म्हणजे ओतकाम कारखान्याला जाते. मागच्या महिन्यात एक गाडी ‘मिक्स माल’ एवढेच कारण सांगून परत आली. तर नेमका कोणता माल वेगळा ठेवायचा?

आधी एक गैरसमज दूर करू. भट्टीत घातले की सगळा कचरा जळतो आणि लोखंड शुद्ध होऊन बाहेर पडते, असे बऱ्याच जणांना वाटते. इंडक्शन भट्टी (विजेच्या कॉइलने तापणारी) मुख्यतः वितळवण्याचे काम करते. तांबे, कथील, निकेल हे तर कोणत्याच पोलाद भट्टीत जळून जात नाहीत. गंधक आणि फॉस्फरसही इंडक्शनमध्ये जवळजवळ आत गेले तेवढेच बाहेर येतात. म्हणजे जी निवड करायची ती तुमच्या जमिनीवरच. एकदा प्रेसमध्ये दाबून गठ्ठा केला की आत काय आहे ते तुम्हालाही दिसत नाही आणि भट्टीवाल्यालाही.

जीव घेणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करू. त्यात पहिला नंबर बंद भांड्यांचा: ज्यात हवा, गॅस, तेल किंवा पाणी कोंडलेले आहे असे काहीही. गॅस सिलिंडर, आग विझवण्याचे नळकांडे, गाड्यांचे शॉकअप, डिकी उचलून धरणारे गॅसचे दांडे, हायड्रॉलिक सिलिंडर, फ्रीजचा कॉम्प्रेसर, बूच लावलेला ड्रम, दोन्ही तोंडे ठोकून बंद केलेला पाइप. वितळलेल्या लोखंडाचे तापमान १६०० अंशांच्या आसपास असते. १ लिटर पाण्याची १०० अंशांलाच सुमारे १७०० लिटर वाफ होते, भट्टीत त्याहून जास्त. ही वाफ द्रवाच्या पृष्ठभागाखाली तयार झाली, तर वरचे सगळे लोखंड उडवून बाहेर फेकते. म्हणूनच भट्टीवाले पावसाळ्यात ओल्या मालाला इतके घाबरतात. चिखल भरलेला बोअरचा पाइप, पाणी साठलेला इंजिन ब्लॉक आणि ओले टर्निंग (लेथवर निघणारा लोखंडी कीस) या तिन्ही गोष्टी जूनपासून पुढे छपराखाली निथळायला ठेवाव्यात. पाइप दोन्ही टोकांनी उघडा आणि आरपार दिसेल असा हवा. तसा नसेल तर मधोमध कापावा.

घरगुती गॅसचा सिलिंडर भंगारात घ्यायचाच नाही. तो ग्राहकाचा नसतो, कंपनीचा असतो. वितरकाला कळवून परत करायचा. ऑक्सिजनचा (काळा) आणि असिटिलीनचा (मरून) सिलिंडरही तसाच भरणाऱ्या कंपनीकडे जातो. त्यातही असिटिलीनचे वेगळे आहे. त्याच्या पोटात सच्छिद्र भराव असतो, भरावात असिटोन आणि असिटोनमध्ये गॅस विरघळलेला असतो. व्हॉल्व्ह उघडला, फुस्स आवाज थांबला, काटा शून्यावर आला, तरी आत गॅस उरतोच. ‘रिकामा आहे’ म्हणून त्यावर गॅस कटर चालवणे म्हणजे बॉम्बवर कटर चालवणे.

ड्रमबाबत सगळ्यात जास्त चुका होतात. २०० लिटरचा थिनरचा किंवा पेट्रोलचा ड्रम धोक्याचा, हे सगळ्यांना माहीत असते. पण डिझेलच्या आणि ऑइलच्या ड्रमला सरसकट निर्धोक मानले जाते. थंड डिझेलवर काडी पेट घेत नाही हे खरे. पण कटरच्या ज्योतीने पत्रा तापला की आतल्या तळाशी चिकटलेल्या पेलाभर तेलाचीसुद्धा वाफ होते, आणि बंद ड्रममध्ये ती हवेत मिसळून स्फोटक मिश्रण बनते. रीत अशी: दोन्ही बुचे काढा, ड्रम पालथा घालून निथळवा, साबणाच्या गरम पाण्याने धुवा, आणि कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाण्याने भरून मगच कापा. छिन्नीने किंवा पत्रा-कात्रीने थंड कापता आला तर सर्वात उत्तम. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे ड्रम यात धरू नका. ते घातक कचऱ्याच्या नियमांत येतात, त्यांचे धुवणही गटारात सोडता येत नाही.

शॉकअप आणि गॅसचे दांडे गठ्ठ्यात घालायचे नाहीत. दांड्याच्या आतला दाब शंभर बारच्या पुढेही असू शकतो. ज्याला हे काम येते त्याने तो शिकंज्यात घट्ट पकडून, तोंडावर ढाल लावून, गॅसच्या बाजूला बारीक भोक पाडून दाब सोडावा. येत नसेल तर अख्खा माल वेगळ्या पिंपात साठवून गाड्या मोडणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यावा. एअरबॅगचेही तसेच. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाडीत चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, म्हणजे अपघातात मोडलेल्या अशा गाड्या आता गॅरेजमधून येऊ लागल्या आहेत. स्टिअरिंगच्या मधल्या भागात, डॅशबोर्डमागे, छताच्या कडेला आणि सीटबेल्टच्या मुळाशी स्फोटक भरलेली छोटी नळकांडी असतात. प्रेसमध्ये किंवा कटरखाली ती फुटतात. न फुटलेली एअरबॅग असलेले स्टिअरिंग सुटे विकत घेऊ नका.

लिथियम बॅटरी हा आणखी एक नवा त्रास. ई-स्कूटरचा पॅक, पॉवर बँक, ड्रिल मशीनची बॅटरी प्रेसमध्ये चिरडली की आतल्या आत शॉर्ट होते आणि तास-दोन तासांनी, दुकान बंद झाल्यावर, ढिगाला आग लागते. पॅक सुटा काढायचा, टोकांना चिकटपट्टी लावायची आणि कोरड्या वाळूच्या पिंपात, लोखंडी ढिगापासून लांब ठेवायचा. शिशाच्या बॅटरीत आगीचा धोका कमी, आम्लाचा जास्त. ती फोडून शिसे काढण्याचा मोह टाळा. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ प्रमाणे ती अख्खीच नोंदणीकृत रिसायकलरकडे गेली पाहिजे.

लष्करी माल. देवळाली किंवा अहिल्यानगरच्या के. के. रेंजसारख्या सराव-मैदानांच्या आसपासच्या गावांतून पितळी टोपणे, लोखंडी तुकडे, कधी अख्खे तोफगोळे येतात. ‘फुटलेला आहे, रिकामा आहे’ हे विकणाऱ्याचे म्हणणे असते, आणि तो ते खात्रीने सांगू शकत नाही. सप्टेंबर २००४ मध्ये गाझियाबादजवळच्या एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातल्या गोळ्यांचा स्फोट होऊन १० कामगार गेले. त्यानंतरच आयात भंगारासाठी जहाजावर चढवण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र किंवा श्रेड केलेला (यंत्रात बारीक तुकडे केलेला) माल ही अट कडक झाली. गोळ्यासारखे काही दिसले तर उचलायचे नाही, हलवायचे नाही, पाणी मारायचे नाही. माणसे लांब करून ११२ ला फोन करायचा.

किरणोत्सारी वस्तू क्वचित येते, पण आली तर सगळ्यात महाग पडते. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० साली हेच झाले. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले जुने गॅमा यंत्र लिलावात विकले गेले, ते मोडताना आतल्या कोबाल्ट-६० च्या कांड्या उघड्या पडल्या. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेक आजारी पडले. तालुक्याच्या दुकानात असे यंत्र कुठून येणार, असे वाटेल. पण सिमेंट, कागद, साखर, पोलाद कारखान्यांत टाकीची पातळी किंवा जाडी मोजणारे गेज असतात आणि त्यांपैकी काहींत सीझियम-१३७ असते. वेल्डिंगच्या आतले दोष पाहण्यासाठी एक्स-रेसारखे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात इरिडियम-१९२ असते. बंद कारखान्याचा सगळा माल एकगठ्ठा घेतला की त्यात असे गेज येऊ शकते.

ओळख: आकाराच्या मानाने अतिशय जड डबा किंवा नळकांडे (आत शिसे किंवा युरेनियमचे कवच असते), पंख्याच्या तीन पात्यांसारखे चिन्ह, कुलूप लावलेली सरकती झडप. रंग उडाला असेल तर चिन्ह दिसणार नाही, पण वजन लपत नाही. नारळाएवढी वस्तू एका हाताने उचलत नाही, तर ती खाली ठेवा, कापू नका.

कारखान्यांचा माल घेत असाल तर हातात धरायचा रेडिएशन मीटर ठेवाच. आधी मोकळ्या जागी नेहमीचे मोजमाप लिहून ठेवा. ते तासाला साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्टच्या (किरणांच्या माऱ्याचे एकक) आगेमागे येते. गाडीभोवती हळू फिरून मोजताना त्याच्या दुप्पट दिसले तरी काम थांबवा. भरलेल्या गाडीबाहेरून मोजून समाधान मानू नका. साधारण २ सेंटिमीटर जाड पोलाद कोबाल्टचा मारा निम्मा करते, त्यामुळे ढिगाच्या मधोमध असलेली वस्तू बाहेर कळतही नाही. माल पसरल्यावर पुन्हा मोजा. संशय आला तर माणसे लांब करा, जागा दोरीने अडवा, पोलिसांना आणि मुंबईत अणुशक्तीनगरला असलेल्या अणुऊर्जा नियामक परिषदेला कळवा. ‘गुपचूप दुसऱ्याला विकून टाकू’ हा विचार इथे आत्मघातकी आहे. वितळल्यावरही ती वस्तू नाहीशी होत नाही. कोबाल्ट लोखंडातच राहतो, सीझियम उडून धूर गोळा करणाऱ्या पिशव्यांतल्या राखेत जातो, रेडियम आणि अमेरिसियम मळीत (वितळलेल्या लोखंडावर तरंगणाऱ्या कचऱ्यात). २००८ मध्ये फ्रान्समध्ये लिफ्टच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, आणि त्या पोलादाचा माग महाराष्ट्रातल्या फाउंड्रीपर्यंत आला.

आता विषारी मालाकडे. इथे स्फोट होत नाही, म्हणून कोणी मनावर घेत नाही. जस्ताचा मुलामा असलेला (जीआय) पत्रा आणि पाइप कटरने कापताना पांढरा धूर निघतो. जस्त ९०७ अंशांना उकळते, कटरची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. संध्याकाळी हिवताप आल्यासारखी थंडी भरते, दुसऱ्या दिवशी उतरते. गूळ खाऊन किंवा दूध पिऊन यात फरक पडत नाही. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून, उघड्यावर, योग्य मास्क लावून कापणे एवढाच उपाय. पण कॅडमियमच्या मुलाम्याचा धूर घेतला तरी सुरुवातीला लक्षणे अशीच असतात, आणि दुसऱ्या दिवशी फुफ्फुसात पाणी भरते. जुन्या विमान-लष्करी-इलेक्ट्रिकल मालातले पिवळसर बोल्ट जस्ताचे की कॅडमियमचे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून अशा बोल्टांना ज्योत लावायचीच नाही, ते थंडच काढायचे.

पुलाचे गर्डर, जहाजाच्या प्लेटा, जुन्या टाक्या यांवर शेंदरी रंगाचा प्रायमर असेल तर तो शिशाचा असण्याची दाट शक्यता आहे. कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागेतला रंग आधी ओला करून खरवडून काढावा. कोरडा घासला तर तीच धूळ नाकात जाते. जुन्या बॉयलरचे लेपन, भट्टीच्या दाराची दोरी, जुने ब्रेक लायनर आणि क्लच प्लेट यांत अॅस्बेस्टॉस असू शकते. ते पाण्याने भिजवून, न तोडता, जाड पिशवीत बंद करून घातक कचऱ्यात द्यायचे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि मोठ्या कपॅसिटरच्या तेलात पीसीबी हे घातक रसायन असू शकते. तपासणी अहवालाशिवाय तेल काढू नका, आणि ते चुलीत, भट्टीत, लाकडाला लावायला तर मुळीच देऊ नका.

फ्रीज आणि एसी कापण्याआधी गॅस काढून घ्यायचा असतो. तांब्याच्या नळीसाठी ती सरळ कापली की जुन्या आर-१२, आर-२२ ने ओझोनचे नुकसान होते, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमधल्या आर-६००ए ने आग लागते, कारण तो आयसोब्युटेन म्हणजे ज्वालाग्राही गॅस आहे. या वस्तू ई-कचऱ्यात मोडतात, नोंदणीकृत रिसायकलरकडे अख्ख्या जायला हव्यात. वायर जाळून तांबे काढण्याची सवयही मोडावी. पीव्हीसीचा धूर विषारी असतोच, शिवाय जळके तांबे काळे पडून दर कमी येतो. वायर सोलायचे साधे यंत्र काही महिन्यांत त्याची किंमत वसूल करते.

तुमची गाडी परत येण्याचे कारण मात्र बहुधा यापुढच्या गटात असावे: माल खराब करणारा माल.

तांबे. ते उडत नाही, जळत नाही, लोखंडात मुरते. बिलेट (पोलादाचा ओतलेला चौकोनी दांडा) लाटण्यासाठी ११०० ते १२०० अंशांना तापवताना वरच्या लोखंडाचा गंज-पापुद्रा होतो, तांबे मात्र तसेच मागे राहते. ते १०८५ अंशांना वितळून पापुद्र्याखाली साचते आणि कणांच्या फटींत शिरते. रोलमध्ये गेल्यावर सळईच्या कडा फाटतात. कथील सोबत असेल (जुने तेलाचे-खाद्याचे डबे) तर हाच दोष आणखी वाढतो. टीएमटीत (बांधकामाच्या सळईत) साधारण ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे निभावते, पातळ पत्र्याला त्याच्या पाव हिस्साही जड जातो.

आकडा मांडून पाहू. १ हॉर्सपॉवरच्या पंपाच्या मोटारीत दीड-दोन किलो तांबे धरा. १० टनांच्या भट्टीत अशा १५ अख्ख्या मोटारी गेल्या, तर २२-३० किलो, म्हणजे ०.२२ ते ०.३ टक्के वाढ. साध्या भंगारातले तांबे धरून हा आकडा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. तेव्हा मोटार, स्टार्टर, डायनॅमो, वायरिंग, रेडिएटर यांतले एकही लोखंडाच्या ढिगात नको. यात तुमचाही तोटाच आहे, तांबे लोखंडाच्या भावाने जाते.

शिसे. चाकाच्या बॅलन्सची वजने, जुन्या भूमिगत केबलचे आवरण, बॅटरीची टोके. शिसे ३२७ अंशांना वितळते, लोखंडापेक्षा जड असल्याने तळाशी जाते आणि भट्टीच्या अस्तराच्या बारीक भेगांतून कॉइलपर्यंत (भट्टीभोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यापर्यंत) झिरपते. कॉइलमधून पाणी वाहत असते. पुढे काय होते ते वर लिहिलेच आहे. बिडाच्या फाउंड्रीत तर शिशाचा अगदी किंचित अंशही ग्रॅफाइटचा आकार बिघडवतो आणि कास्टिंग (ओतलेला भाग) ठिसूळ होते. अॅल्युमिनियमचे तुकडे बिडात गेले तर पातळ कास्टिंगला टाचणीच्या टोकासारखी भोके पडतात.

क्रशरचे जबडे. खडी क्रशरच्या जॉ प्लेटमध्ये साधारण ११ ते १४ टक्के मँगनीज असते. ३०० किलोची एक प्लेट ३ टनांच्या बिडाच्या चार्जमध्ये (भट्टीत एका वेळी घालायच्या मालात) पडली, तर सुमारे ३६ किलो मँगनीज, म्हणजे १.२ टक्के जादा. ग्रे आयर्नला (साध्या बिडाला) एकूणच ०.५ ते ०.८ टक्के हवे असते, एसजी आयर्नला (गोल ग्रॅफाइटच्या चिवट बिडाला) ०.३ च्या आत. कास्टिंग इतके कडक होते की मशीनवर टूल टिकत नाही. गंमत म्हणजे ही प्लेट चुंबकाला चिकटत नाही, म्हणून काही जण ती स्टेनलेस समजून घेतात आणि फसतात. ग्राइंडर लावून पाहा: मँगनीज पोलादाच्या ठिणग्या पांढऱ्या, भरगच्च, फुटत जाणाऱ्या असतात; ३०४ स्टेनलेसच्या आखूड, लालसर, कमी फुटणाऱ्या. मँगनीजचा माल वेगळा ठेवलात तर क्रशरचे भाग ओतणाऱ्या फाउंड्रीत चांगला भाव मिळतो.

साध्या लोखंडात बीड मिसळले तर कार्बन आणि फॉस्फरस वाढतात. टीएमटीच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५००डी या दर्जाच्या सळईला गंधक आणि फॉस्फरस प्रत्येकी ०.०४० टक्के एवढीच मुभा आहे, आणि दोन्ही मिळून ०.०७५. काही लेथच्या टर्निंगमध्ये मुद्दाम घातलेले गंधक असते, म्हणून टर्निंग कुठल्या कामाचे ते विचारून घ्या. सिमेंट चिकटलेल्या सळ्या आणि वॉशिंग मशीनमधले काँक्रीटचे वजनही नको. त्यातला चुना आणि जाड गंज, दोघेही भट्टीचे वाळूचे अस्तर खातात. अॅल्युमिनियमच्या (जर्मनच्या) ढिगात मॅझॅकचे (जस्ताच्या मिश्रधातूचे) ओतीव भाग घालू नका; दिसतात सारखे, पण मॅझॅक हातात अडीचपट जड लागते. जर्मनला लागलेले लोखंडी बोल्ट काढा, कारण एकदा विरघळलेले लोखंड निघत नाही.

रेल्वेचे साहित्य, गटाराची झाकणे, वीज लाइनची तार ही वेगळ्याच कारणाने घ्यायची नाही. रेल्वेच्या मालाला १९६६ चा कायदा लागतो, आणि माल ताब्यात कसा आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते.

रोजच्या कामात हे बसवायचे तर आवारात फरशीची एक मोकळी जागा ठेवा. प्रत्येक गाडी आधी तिथे पसरायची, काट्यावरून थेट ढिगावर नाही. पाच पिंपे रंगवून ठेवा: मोटार-तांबे, शिसे, मँगनीज-स्टेनलेस, बॅटरी, आणि लाल पिंप संशयाचे. फेरीवाल्याने संशयी वस्तू वेगळी आणून दाखवली तर तिचे थोडे पैसे द्या. परत पाठवलीत, तर पुढच्या वेळी तीच वस्तू गोणीच्या तळाशी लपवून येईल. मोटारीला मोटारीचा दर लावा. लोखंडाच्या दराने घेतलीत तर फेरीवाला तांबे काढून पोकळ खोके तुम्हाला देईल, किंवा तुमचाच माणूस घाईत ती अख्खी ढिगात फेकेल.

परत आलेल्या गाडीसाठी भट्टीवाल्याकडून स्पेक्ट्रो रिपोर्ट (मालात कोणता घटक किती टक्के आहे याची तपासणी) मागून घ्या. तांबे जास्त असेल तर मोटारी आणि वायरिंग, फॉस्फरस जास्त असेल तर बीड मिसळले, क्रोम-निकेल असेल तर स्टेनलेस, मँगनीज असेल तर जबडे. रिपोर्ट देत नसतील, तर भट्टीत न घालताच नजरेने नाकारली असणार. अशा वेळी गाडीच्या वरच्या थराचे फोटो मागा, आणि पुढच्या गाडीत तो थर भरताना स्वतः उभे राहा.